कृपा सदन
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपापल्या घरी जी श्रद्धा जपली जाते तिच्याविषयी मंडळातल्या एकेकीने बोलावे, अशी कार्यकारिणीची सूचना आली आणि ख्रिस्ती घरातली म्हणून ही कामगिरी माझ्याकडे लागली. मी धर्मशास्त्राची पंडिता नव्हे. पण दापोडीत एस. टी.च्या वर्कशॉपमुळे आणि खडकी-पिंपरीच्या कारखान्यांमुळे नाना जातिधर्मांची बिऱ्हाडे भिंतीला भिंत लावून राहिली; दिवाळीची चकली आमच्याकडे येते, नाताळची करंजी तुमच्याकडे जाते. त्या करंजीपलीकडे आम्ही काय मानतो हे विचारायला मात्र संकोच वाटतो. दोघींनी धीर करून विचारले. एक म्हणाली, "तुमचे देव तीन का हो?" दुसरी म्हणाली, "क्षमा मिळतेच म्हणता, मग पापाची भीती कसली?" दोन्ही प्रश्न मुळालाच हात घालणारे आहेत.

आमच्या उपासनेत सगळे उभे राहून एक लहानसा पाठ म्हणतात. त्याला मतांगीकार म्हणतात. सारे जग निर्माण करणारा देव एकच असून तो बापासारखा मायाळू आहे. येशू ख्रिस्त हा त्याचा पुत्र माणूस होऊन आला, वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी जिवंत झाला. देवाचा पवित्र आत्मा माणसांत कार्य करतो. पापाची क्षमा होते आणि मरण हा शेवट नव्हे, असा त्याचा आशय. या पाठात येशूखेरीज दोनच माणसांची नावे आहेत. एक त्याची आई मरिया आणि दुसरा पंतय पिलात. हा पिलात म्हणजे रोमन सरकारचा सुभेदार. येशूला मृत्युदंड देऊन ज्याने हात धुतले तोच. एवढ्या पवित्र पाठात या गृहस्थाचे काय काम, असे कोणालाही वाटेल. पण आपल्या मंडळाच्या इतिवृत्तात तारीख आणि हजर असलेल्यांची नावे लिहितात, तसेच हे आहे. घडले ते अमक्याच्या अमदानीत, अमक्या देशात घडले, असे आम्ही मानतो.

आता तीन देवांचे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, असे आमचे मानणे आहे. पाणी, बर्फ आणि वाफ असा दाखला पुष्कळजण देतात. मला तो फारसा पटत नाही, कारण देव काही घटकेघटकेला रूप पालटत नाही. या प्रश्नावर इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे धर्माध्यक्षांची मोठी सभा भरली होती. २०२५ साली तिला १७०० वर्षे पूर्ण झाली. एवढ्याने वाद मिटला असे नाही. आणि तो वाद घालणाऱ्यांत आपल्या पुण्याशी नाते असलेली एक बाईही होती, पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. व्रते केली, स्नाने केली, दानधर्म केला आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले. पुढे भाऊ गेला. लग्न झाले आणि दोन वर्षांतच पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ साली त्या विलायतेस गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे आपल्या संस्थेचे काम दाखवले. वाट चुकलेल्या, ज्यांना समाज दारात उभे करीत नाही अशा बायकांना तेथे मायेने सांभाळत. रमाबाईंनी विचारले की हे तुम्ही का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर भर दुपारी पाणी न्यायला आलेली ती बाई. पाच नवरे झालेले, सहावा घरात, आणि जातही यहुद्यांनी विटाळाची मानलेली. येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले आणि देवाविषयीचे खोल बोलणे तिच्याशी केले. विहिरीवर कोणाला कधी पाणी मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे आपल्या देशातल्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. रमाबाईंच्या मनात ती गोष्ट रुतून बसली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी डोके गहाण ठेवले नाही. भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो छापलेला आहे. त्रैक्याविषयी, चमत्कारांविषयी त्या निर्भीडपणे शंका विचारत. क्रूसावरची लॅटिन अक्षरेही त्यांना नको होती. संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले आहे की धर्म मला सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे लागली. आपण काही केल्याने देव प्रसन्न होतो असे नसून तो आधीच आपल्याकडे वळलेला आहे, हे त्यांना पटायला तेवढा काळ जावा लागला. यालाच आम्ही कृपा म्हणतो. माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धेचा कणा हाच; बाकीची कलमे त्याला जोडलेली आहेत.

कृपा हा शब्द तुम्हांला परका नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या तोंडी तो आहेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्ताकडे आलो.

१८९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला 'मुक्ती'ची वसाहत उभी राहिली. तेथे वाट चुकलेल्या बायकांसाठी एक निराळे घर होते. त्याचे नाव 'कृपा सदन'. फुलहॅमला पाहिलेले केडगावच्या माळावर आले ते हे असे! उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ते खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवण्यासाठी. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच होत्या. रमाबाई १९२२ साली वारल्या.

दुसरा प्रश्न राहिला. क्षमा फुकट, मग भीती कशाची? फुकट ती आपल्याला; ज्याने दिली त्याला वधस्तंभ पडला. शिवाय येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतच अट आहे की आम्ही दुसऱ्याला क्षमा करतो तशी आम्हांला कर. ही अट रोज म्हणणे सोपे आहे, पण जावेशी अबोला धरला असेल तर घशात अडकते. प्रभुभोजनात सगळ्यांनी एकाच भाकरीतून घ्यायचे असते, त्याचेही तसेच. धर्म बदलला की जात गेली, असे मी म्हणणार नाही. आमच्या मंडळ्यांतही तिचे अवशेष पुष्कळ वर्षे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या मनातून ती मोठ्या झगड्यानंतर गेली, आणि तीही बाप्तिस्म्याच्या आधी. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

आणखी एक सांगते. येशू उठला ही बातमी पहिल्यांदा मिळाली ती बायकांना. मग्दालीया मरिया आणि तिच्याबरोबरच्या बायका पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेवर गेल्या होत्या. त्या काळी बाईच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. त्यांनी धावत येऊन सांगितले, तर प्रेषितांनाही ती बडबड वाटली. गोष्ट रचायची असती तर असे साक्षीदार कोणी घेतले नसते, असे मला नेहमी वाटते.

नाताळला तुम्ही येताच. पुढच्या खेपेस ईस्टरला या. पहाटेची उपासना असते, तेव्हा नळाला पाणी येण्याआधी आपण परत येऊ. आणि सहलीचे ठिकाण अजून ठरलेले नसेल, तर केडगाव दौंडच्या रेल्वेवरच आहे.