अरण्यांतील वाटाड्या

दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर पसरलेलें आहे. तेथें प्रवासी स्वतः मोटार हांकीत श्वापदें पाहत हिंडतात. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांच्या लहरी रानांत अनेक ठिकाणीं पोहोंचत नाहींत. मग हातांतील फोन वाट कशी दाखवितो, असा प्रश्न श्रोत्यांस पडेल. परंतु स्थान कळण्यास मनोऱ्याची गरजच नसते. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, कीं फोन आपली जागा गणितानें काढतो. मनोरा लागतो तो नकाशा आणण्यास; म्हणून नकाशा निघण्यापूर्वींच उतरवून घ्यावा.

मात्र फोन जो वेळ सांगतो, त्यावर सर्वस्वीं विसंबणें बरें नव्हे. डांबरी रस्त्यावर ताशीं ५० आणि कच्च्या वाटेवर ४० किलोमीटरची मर्यादा आहे. शिवाय हत्तींचा कळप आडवा आला, तर नकाशास तें ठाऊक नसतें. जून-जुलैंत सायंकाळीं साडेपाचास छावण्यांचीं दारें बंद होतात, आणि नेमल्या जागांवांचून मोटारींतून उतरण्यास मनाई आहे. शहाणा प्रवासी परतीस तासभर अधिक राखतो व कागदी नकाशाहि जवळ बाळगतो.

आणखी एक पथ्य आहे. गेंड्याचें छायाचित्र स्थळासह प्रसिद्ध करूं नये. जी खूण प्रवाशास वाट दाखविते, तीच शिंगासाठीं टपलेल्या चोरट्या शिकाऱ्यासहि दाखविते.