खाडीवरच्या पाहुण्यांच्या गावी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



डोंबिवली ते लडाख या आमच्या गाडीप्रवासाबद्दल बोलायला मला दहा मिनिटं दिली आहेत. मी डोंबिवलीकर आहे. लोकलची वेळ पाळते, तशी हीही पाळेन.

आम्ही तिघी. दहावी ब, खिडकीजवळचं तिसरं बाक. जुलैच्या शेवटी भर पावसात गांधारी पूल ओलांडून पडघ्याला लागलो आणि कसारा घाट चढलो. आपण ज्याला आग्रा रोड म्हणतो, तो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. २०१० मध्ये क्रमांक बदलले. आता ३ हा आकडा अटारीहून मनालीमार्गे लेहला जाणाऱ्या रस्त्याचा आहे. जुन्या तीन नंबरवरून निघून नव्या तीन नंबरवर पोचायचं होतं.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे मुक्काम, उंची, डिझेल, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं एक्सेलमध्ये मांडलेलं. मनालीपुढचा ९ किलोमीटरचा अटल बोगदा संपला आणि पाऊस मागे राहिला. तांदीच्या पंपावर पाटी होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. टाकी भरली, वर एक कॅनही भरला. सरचूला विरळ हवेनं रात्रभर डोकं ठणकलं. पांगच्या पुढे रस्ता चढून एकदम मोरेच्या मैदानात येतो. उंची साधारण ४,७०० मीटर, आणि नजर पोचेल तिथवर सपाट.

तिथे कियांग दिसले. कियांग म्हणजे तिकडची रानगाढवं, तांबूस पाठीची, पांढऱ्या पोटाची. दहा-बारा होते. "गाडी घे ना जवळ," असं मीच म्हणाले. आम्ही रस्ता सोडून गवतात उतरलो. कळप उधळला. आम्ही शेजारून पळत राहिलो, हसत, ओरडत. फोटो झकास आला.

संध्याकाळी त्सो कार तलावाजवळ तंबूत मुक्काम होता. मालकीणबाईंना मी कौतुकानं फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला. कडेला एक शिंगरू होतं, मागे पडलेलं. मला ते दिसलंच नव्हतं. "बच्चा पहुँचा क्या?" त्यांनी विचारलं.

आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही मागे वळून पाहिलंच नव्हतं.

त्या रागावल्या नाहीत. चहा ओतता ओतता सांगत राहिल्या. गवत उन्हाळ्याचे दोन-तीन महिने उगवतं, त्यावरच जनावराला हिवाळा काढायचा असतो. पळण्यात अंगातली ताकद जाते. चाकांखाली दबलेलं गवत लवकर भरून येत नाही. काळ्या मानेचे क्रौंच जमिनीलगत घरटी करतात आणि पर्यटकांच्या, छावण्यांच्या उष्ट्यावर वाढलेली भटकी कुत्री त्यांची पिल्लं खातात. तंबूमागे आमचेच थेपल्यांचे तुकडे पडले होते. आम्ही उठून गोळा केले.

सकाळी तलावावर पांढरे पक्षी घिरट्या घालत होते, डोकी चॉकलेटी. पुस्तकात पाहिलं: तपकिरी डोक्याचा कुरव. उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्या ठाणे खाडीवर येतो, तेव्हा डोकं पांढरं झालेलं असतं. ज्यांना आपण सरसकट 'सीगल' म्हणून शेव-गाठ्या टाकतो, त्यांतलाच हा एक. दोन हजारांहून जास्त किलोमीटर गाडी हाकून मी आमच्याच पाहुण्यांच्या गावी आले होते, आणि तिथे नीट वागले नव्हते.

परतीच्या वाटेवर मोरेच्या मैदानात पुन्हा कळप दिसला. आम्ही डांबरावरच थांबलो, इंजिन बंद केलं. अर्धा तास ते चरत राहिले. त्यांत शिंगरं होती. आमचं त्यातलं होतं का, सांगता येत नाही.

आता थंडीत लेकीला घेऊन दुर्गाडीच्या खाडीवर जाते. गाठ्यांची पुडी घेत नाही. ती कुरकुरते, मग पक्षी मोजू लागते.

स्मरणिकेसाठी संपादकांनी तो पळत्या कळपाचा फोटो मागितला होता. मी दिला नाही. अर्ध्या तासातला एक दिला आहे. त्यात कियांग ठिपक्याएवढे दिसतात. जरा डोळे बारीक करून पाहा.