वर्धा-सेवाग्रामची वाट



वर्ध्याहून सेवाग्रामास जाणारी वाट जेमतेम पांच मैलांची. इ. स. १९३६ मध्यें गांधीजी त्या गांवीं, म्हणजे तेव्हांच्या शेगांवीं, राहावयास गेले आणि या वाटेवर माणसांची ये-जा सुरू झाली. त्यांत दोन माणसें अशीं होतीं कीं, त्यांचें येणें कोणास विशेष वाटत नसे. एक शेठ जमनालाल बजाज, दुसरे महादेवभाई देसाई. १९४२ सालीं सहा महिन्यांच्या अंतरानें दोघेहि गेले, आणि दोघांच्याहि मृत्यूनें पूर्वसूचना अशी दिली नाहीं.

जमनालालजींचा जन्म १८८९ चा, सीकरजवळच्या एका खेड्यांतला. दत्तक नातू म्हणून ते लहानपणींच वर्ध्यास आले. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळीं आपणांस पांचवा पुत्र माना, असा हट्ट त्यांनीं गांधीजींपाशीं धरला. हट्टच म्हणावयाचा, लाखोंचा व्यापार करणाऱ्या गृहस्थानें एकतिसाव्या वर्षीं दुसऱ्याचा मुलगा होऊं मागावें, हें व्यवहारी जगास वेडेपणाचेंच वाटणार. १९२८ मध्यें वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस मोकळें झालें तें त्यांच्याच पुढाकारानें. ग्रामोद्योग संघास मगनवाडीची बाग दिली तीहि त्यांनींच. परंतु त्यांचा दिवस जाई तो लहान गोष्टींत. पाहुण्यांची सोय पाहावी, कार्यकर्त्याच्या घरची अडचण निवारावी, कोणाच्या मुलीचें लग्न जुळवावें. अखेरीस इतर व्याप सोडून त्यांनीं गोसेवा पत्करली व ते गोपुरीस झोपडींत राहूं लागले.

११ फेब्रुवारी १९४२ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन थोड्याच वेळांत सर्व आटोपलें. निरोप मिळून गांधीजी येऊन पोंचले, तेव्हां त्यांच्याशीं बोलावयास जमनालालजी उरले नव्हते. एरवीं जवळची असलेली ती वाट त्या दिवशीं लांब ठरली.

गांधीजींनीं मग जमनालालजींच्या स्नेह्यांस वर्ध्यास बोलावून, कोणीं कोणतें काम उचलावें याचा विचार केला. एकट्या माणसानें किती ओझीं वाहिलीं होतीं, याचा हिशेब तेव्हां झाला. रोज भेटणाऱ्या माणसाचा असा हिशेब करण्याचें कोणास सुचत नाहीं. तो उद्यांहि येणारच असतो! गोसेवा संघाचें काम जानकीदेवींनीं शिरावर घेतलें. जुलैंत काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यास भरली, इंग्रजांनीं हा देश सोडावा असा ठराव झाला. पाहुणे नेहमींचेच होते, यजमान नव्हता.

महादेवभाई १९१७ पासून गांधीजींचे चिटणीस. गांधीजी शेगांवीं गेले तरी यांचें बिऱ्हाड आरंभीं मगनवाडींतच होतें. रोज टपाल घेऊन पायीं जावयाचें, दिवसभर लिहावयाचें, सायंकाळीं परतावयाचें; जाऊन-येऊन सुमारें अकरा मैल. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे, त्यांस याचा अर्थ सांगावयास नको. या पायपिटीनें प्रकृति खालावली तरी खाडा म्हणून नाहीं.

९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस धरपकड होऊन दोघांनाहि पुण्यास आगाखान महालांत ठेवण्यांत आलें. आतां चालावयाचें अंतरच राहिलें नव्हतें. १५ ऑगस्टच्या सकाळीं महादेवभाई बोलतां बोलतां कोसळले. वय पन्नास. गांधीजींनीं त्यांच्या नांवानें हांक मारून पाहिली. पंचवीस वर्षें त्या हांकेसरशीं उठणारा माणूस उठला नाहीं. देहास स्नान गांधीजींनीं स्वतः घातलें. दहन महालाच्या आवारांतच झालें.

त्या दिवसापासून गांधीजी रोज त्या जागीं चालत जात व फुलें वाहत. १९४४ च्या फेब्रुवारींत कस्तुरबांचेंहि दहन शेजारींच झालें. मे महिन्यांत सुटका होईपर्यंत त्यांचा हा क्रम चालू होता.