मोबाईलवरची ओळख, धंद्याला कामाची
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

आपल्या वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा पुष्कळदा झाडावरच, ठोक्याने, व्यापाऱ्याला दिला जातो. व्यापारी बांधावर येतो, एक आकडा सांगतो. आपल्याला दुसरा आकडा ठाऊक नसला, की तोच भाव!

नोकरीवाले लोक आज मोबाईलवर आपल्या कामाची माहिती मांडतात, ओळखी वाढवतात अन् त्यातून पुढचे काम मिळवतात. शेतीही धंदाच आहे. "साहेब, आमाले कोण इचारते?" असे म्हणू नका. ‘होय आम्ही शेतकरी’सारखे समूह शेतकऱ्यांसाठीच चालतात. गावचा व्हॉट्सॲप गटही कामाचा आहे. तो पुढीलप्रमाणे वापरा.

1. माहिती पुरी द्या. "संत्रा विकणे आहे" एवढ्याने कोणी फोन करीत नाही. गाव, तालुका, झाडांची संख्या व वय, बहार, तोडणीचा महिना लिहा. उदाहरणार्थ : "तालुका मोर्शी, आठ वर्षांची 300 झाडे, आंबिया बहार, तोडणी नोव्हेंबरात." दोन-तीन खरेदीदारांशी बोला, पणन मंडळाचे रोजचे बाजारभाव पाहा, मगच इसार घ्या. सौदा लेखी करा.

2. सल्ला विचारताना फोटो नीट पाठवा. इथे माझी चूक सांगतो. एकदा पिवळ्या पानाचा एकच फोटो पाहून मी जस्ताची फवारणी सांगितली. पंधरा दिवसांनी बगीच्यात गेलो, तर बुंध्याशी पाणी साचलेले, खोडातून डिंक निघत होता. रोग डिंक्या, अन् उपाय भलताच! तेव्हापासून मी पान, पूर्ण झाड आणि जमिनीलगतचे खोड असे तीन फोटो मागतो. तुम्हीही तसेच पाठवा.

3. आपणही उत्तर द्या. पाणी कसे दिले, खर्च किती झाला, कोणता प्रयोग फसला, हे खरे सांगा. जो खरे सांगतो, त्याच्या मालावरही लोक भरवसा ठेवतात.

4. फिरत आलेल्या संदेशावरून औषधांचे मिश्रण करू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे विसरू नका. आधी कृषी विज्ञान केंद्राला, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला किंवा किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर विचारा. मोबाईलवरून बिगर बिलाचे बियाणे घेऊ नका.

5. पैसे घेताना पिन लागत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. "इसार पाठवतो, पिन टाका" म्हणणारा ठग समजा. पिन व ओटीपी कोणालाही सांगू नका. फसगत झालीच तर ताबडतोब 1930 ला फोन करा.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या बगीच्याची माहिती चार ओळींत लिहून काढा. घरच्या शिकत्या पोराची, पोरीची मदत घ्या. पुढचा व्यापारी बांधावर येईल, तेव्हा दुसरा आकडा आपल्या खिशात असू द्या.