सोडणाऱ्यांचं मंडळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग. वक्त्याच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.)



मी किकवीचा. भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा महामार्गावरचं आमचं गाव. हमरस्त्यावरच्या गावात दारू मिळायला वेळ लागत नाही आणि सोबत मिळायला तर मुळीच नाही. मी बारा वर्षं प्यालो. खिशात पैसे नसले तरी पाजणारा कुणीतरी भेटायचाच. दारू सोडली तेव्हा मात्र एकदम एकटा पडलो. दिवेलागणीला शेजारी बसायला माणूस नव्हता.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त, म्हणजे १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात, तळीराम पिणाऱ्यांचं चक्क मंडळ काढतो. आपण त्याला हसतो. पण सुधाकर दारू सोडून कामधंदा मागायला जातो, तेव्हा त्याला झिडकारलं जातं आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पिणाऱ्यांना मंडळ होतं, सोडणाऱ्याला नव्हतं.

असं मंडळ १९३५ साली अमेरिकेत उभं राहिलं. बिल विल्सन या शेअर बाजारातल्या गृहस्थाने दारू सोडून पाच महिने झाले होते. कामासाठी तो अ‍ॅक्रन शहरात गेला. काम फिसकटलं. हॉटेलात समोरच बार! आपण आत जाणार, या भीतीने त्याने फोन उचलला आणि ओळखीपाळखीतून दुसरा दारुडा शोधून काढला. ते होते डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. पंधरा मिनिटांसाठी बसलेले दोघे कित्येक तास बोलत राहिले. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा स्थापनादिन मानतात. लक्षात घ्या, बिल डॉक्टरांना वाचवायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता.

आपल्या पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तिथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्याने आलेल्यांना हात देतात. पिणाऱ्यांच्या बायकांसाठीही तिथे वेगळा गट आहे, कारण मन मोकळं करायला त्यांनाही कुणी नसतं.

आता माझं सांगतो. सोडून नववा महिना होता. भावकीतल्या लग्नात ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून कुणीतरी ग्लास पुढे केला. चार दिवस पीत होतो. पाचव्या दिवशी लाजेने घराबाहेर पडेना. बायको बोलायचीच बंद झाली होती. गटातला एक जण एसटीने आला. मला वाटलं, हा आता शिव्या घालणार. तो ओट्यावर बसला, चहा मागितला आणि म्हणाला, “माझं तीनदा झालं होतं. गुरुवारी ये.” एवढंच. बायकोने बारा वर्षं विनवण्या केल्या, आईने देव पाण्यात ठेवले. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण ‘माझंही झालं होतं’ हे त्या म्हणू शकत नव्हत्या.

गटात फी नसते. सोडायची इच्छा पुरते. तिथे ऐकलेलं बाहेर जात नाही. जन्मभराची शपथ कुणी घ्यायला लावत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच ठरवायचं. एक मात्र नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर. गट हा औषधाला पर्याय नाही, औषधानंतरच्या वाटेवरची सोबत आहे.

आणि तुमच्या गावात कुणी सोडली असेल, तर लग्नात त्याला आग्रह करू नका. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जा, चहा मागा. मीही हल्ली जातो. ज्याच्याकडे जातो त्याला वाटतं, मी त्याच्यासाठी आलोय. खरं तर माझाही तो दिवस त्याच्यामुळेच निभावतो.