इंजिन, वॉरंटी आणि जॉब कार्ड

(मंडळाच्या गणेशोत्सवात, इटारसी येथे दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्याख्यानाला भोपाळहून किंवा नागपूरहून कुणी विद्वान येतात. यंदा त्यांची गाडी चुकली की मंडळाचं बजेट, ठाऊक नाही, पण सेक्रेटरींनी मला पकडलं. "तुम्ही इंजिनवाले, इंजिनावर बोला," म्हणाले. मी डिप्लोमावाला माणूस. वीस-बावीस वर्षं डिझेल शेडमध्ये हात काळे केलेले. सोळा सिलिंडरच्या इंजिनावर बोलायला लागलो तर अर्धा मंडप रिकामा होईल, म्हणून एका सिलिंडरच्या इंजिनावर बोलतो. ते आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात उभं आहे आणि ते बिघडलं की नाईटच्या पाळीला जाणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही.

मोटारसायकलच्या इंजिनात साधारण एक लिटर तेल असतं. हे एवढंसं तेल तीन घरची धुणीभांडी करतं म्हणा ना. इंजिनाचं वंगण तेच, गिअरबॉक्सचं तेच आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या. म्हणून चारचाकीचं तेल स्वस्तात मिळालं तरी दुचाकीत ओतू नये, क्लच घसरायला लागतो. खालचा पंप जाळीतून हे तेल ओढतो, क्रँकच्या बेअरिंगला देतो आणि बारीक वाटेनं वर हेडमध्ये कॅमशाफ्टपर्यंत चढवतो. कॅम सगळ्यात लांब, नळाच्या शेवटच्या घरासारखा. पाण्याचा दाब कमी झाला की पहिला कोरडा पडतो तो तिसऱ्या मजल्यावरचा, तसंच हे.

आमच्या लोकोमध्ये तेलाचा दाब पडला तर इंजिन आपोआप बंद होतं, ड्रायव्हरची इच्छा असो वा नसो. बहुतेक लहान मोटारसायकलींना मात्र तेलाच्या दाबाचा साधा दिवासुद्धा नसतो. तिथे आपले कान हाच दिवा. वरून, टाकीच्या खालच्या बाजूनं, बारीक टकटक येते आणि इंजिन तापलं की वाढते, ती हेडमधली. चढावर जोर दिला की खालून जड ठोका येतो, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हची सील गेली. थंडीत सकाळी दोन मिनिटं पांढरी वाफ निघते, त्याला घाबरू नका, ते पाणी असतं. आवाज नवा आहे असं वाटलं की गाडी तिथेच बंद करा आणि टेंपोत घालून न्या. टेंपोचे चार-पाचशे रुपये जड वाटतात, पण आवाज येत असताना पन्नास किलोमीटर चालवलेली गाडी शोरूमच्या हातात आयतं कोलीत असते.

आता माझ्या गाडीची हकिकत. शोरूमचं नाव घेणार नाही, कंपनीचंही नाही. शोरूम इटारसीतलं नव्हे, एवढंच सांगतो, म्हणजे उगाच कुणाकडे संशयानं बघू नका.

गाडी दीडशे सीसीची, २०२२ च्या दसऱ्याला घेतलेली. पुस्तिकेत वॉरंटी पाच वर्षं किंवा साठ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. मार्च २०२४ मध्ये, १४,६०० किलोमीटरवर, हेडमधून टकटक सुरू झाली. बंद केली, टेंपोत घातली, शोरूमला नेली. सगळ्या सर्व्हिस तिथेच झालेल्या. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणजे पंचविशीतला मुलगा. त्यानं इंजिन चालू करून दहा सेकंद कान लावला आणि म्हणाला, "साहब, ऑइल कम चला है. वॉरंटी में नहीं आएगा." अंदाजपत्रक अठरा हजार चारशे. कागदावर खाली छापील ओळ होती की ग्राहकाला अंदाजपत्रक मान्य आहे, आणि तिच्यापुढे बोट ठेवून त्यानं पेन पुढे केलं.

शेडमध्ये वॉरंटीतला एखादा भाग निकामी झाला तर आम्ही तो एकट्यानं उघडत नाही. फर्मच्या माणसाला बोलावतो, त्याच्यासमोर उघडतो, दोघांच्या सह्यांनी नोंद करतो. कारण एकदा उघडलं की पुरावा गेला. हीच पद्धत मी तिथे मागितली. पेन घेतलं, पण सही करण्याआधी जॉब कार्डावर माझ्या हातानं लिहिलं: हेडमधून आवाज, गाडी चालवत आणलेली नाही, मीटरवर इतके किलोमीटर, तेल माझ्यासमोर काढून मोजावं, इंजिन माझ्यासमोर उघडावं, अंदाजपत्रक मान्य नाही. मग सही केली. मुलगा जरा चमकला, आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर सज्जन होता. म्हणाला, "मोज लेते हैं, इसमें क्या है."

मोजलं. आधी डिपस्टिक, तर तेल दोन खुणांच्या मध्ये. मग मापाच्या भांड्यात काढलं, तर आठशे साठ मिली. पुस्तिकेप्रमाणे तेल बदलताना नऊशे घालायचं असतं. दोन हजार किलोमीटर चाललेल्या तेलात चाळीस मिली कमी म्हणजे काहीच नाही. "ऑइल कम" तिथेच संपलं.

तीन दिवसांनी इंजिन उघडलं, मी रजा टाकून गेलो. कॅमशाफ्टचा एक उंचवटा झिजून सपाट झालेला, रॉकर आर्मवर खोबणी पडलेली. खालची क्रँकची बाजू मात्र स्वच्छ, बेअरिंग ठणठणीत. इथे विचार करा. तेलच कमी असतं तर खालच्यालाही झळ लागली असती. खालचा सुखी आणि वरचा उपाशी, म्हणजे मधली वाट बंद. मी मेकॅनिकला म्हटलं, जाळी काढ. हा मेकॅनिक मुलगा हुशार होता, त्याला आधीच शंका आली असावी. क्लच कव्हर काढलं, जाळी बाहेर आली, तर तिच्यावर करड्या रबरासारखे तुकडे. हेडकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशीही एक, तांदळाच्या दाण्याएवढा. कव्हर बसवताना सांध्याला जो सीलंट लावतात, तो जास्त लावला की आतल्या बाजूला दबून बाहेर येतो, वाळतो आणि गरम तेलात सुटतो. आणि हे कव्हर त्याआधी कधी उघडलंच नव्हतं, हे त्यांच्याच सर्व्हिसच्या नोंदी सांगत होत्या. म्हणजे जे काही झालं ते कारखान्यात. फोटो काढले, तुकडे पिशवीत घातले, जॉब कार्डावर मॅनेजरची सही घेतली. कंपनीचा एरियाचा माणूस येऊन बघून गेला. एकूण तेवीस दिवस लागले, पण हेड, कॅम, रॉकर, तेल, मजुरी सगळं वॉरंटीत झालं.

माझं झालं, पण खरी गोष्ट पुढे आहे. शेडमध्ये मी डबा खाताना हे सांगत होतो आणि आमचा एक तरुण टेक्निशियन जेवायचा थांबला. तो आत्ता इथे मागे बसलाय, नाव घेत नाही. त्याची तीच गाडी, तेच शोरूम. जानेवारीत त्याला "ऑइल कम" सांगून चौदा हजार दोनशे घेतले होते. पैसे त्यानं सोसायटीतून कर्ज काढून भरले, आणि घरी वडिलांकडून वर्षभर ऐकून घेत होता की पोराला गाडी सांभाळता येत नाही. पैशांपेक्षा ते जास्त लागलं होतं त्याला, मला वाटतं.

त्याचे जुने पार्ट त्यानं मागितले नव्हते. पैसे देऊन काम केलं तर जुने पार्ट तुमचे असतात, मागून घ्या. वॉरंटीत बदललेले कंपनी ठेवून घेते. त्याच्याकडे फक्त बिल आणि जॉब कार्ड. पण जॉब कार्ड नीट वाचलं तर दोन गोष्टी सापडल्या. तेलाची पातळी लिहायचा रकाना कोरा होता. आणि केलेल्या कामांत एक ओळ होती: ऑइलची जाळी साफ केली. तेल मोजलंच नाही तर कमी होतं हे कशावरून? आणि नुसतं तेल कमी होतं तर जाळीत साफ करण्यासारखं काय होतं? आम्ही दोघांनी मिळून कंपनीला ईमेल केला, दोन्ही गाड्यांचे चासी नंबर दिले, माझे फोटो जोडले. दोन्ही गाड्या एकाच महिन्यात बनलेल्या. तीन आठवडे उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर फोन यायला लागले. शेवटी पार्टचे नऊ हजार सहाशे परत आले. मजुरीचे आले नाहीत. मी म्हणत होतो, पुढे जाऊ. त्यानं मान हलवली. म्हणाला, "वडिलांना ईमेल वाचून दाखवला, बास." माझ्या मते ते पैसेही सोडायला नको होते, पण लढाई त्याची, निर्णय त्याचा.

पुढे जायचं असतं तर रस्ता होता, आणि तो आपल्यासारख्या बदलीवाल्यांनी माहीत करून घ्यावा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात एक मोठी सोय आहे: तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. गाडी नागपूरला घेतली आणि बदली इथे झाली तर नर्मदापुरमलाच अर्ज करा, नागपूरला तारखांना जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्ज ऑनलाइनही करता येतो, त्यासाठी २०२५ च्या जानेवारीपासून ई-जागृती नावाचं पोर्टल आहे. शोरूम आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

एक मात्र सांगतो. उत्पादनातलाच दोष आहे असं म्हणायचं तर ते दाखवावं लागतं. "नवी गाडी बिघडली" एवढ्यावर आयोग निकाल देत नाही, तज्ज्ञाचा अहवाल मागतो. म्हणून उघडताना हजर राहणं आणि जॉब कार्डावर लिहिलेलं असणं एवढं महत्त्वाचं. आणि आपली बाजूही कोरी हवी. फ्री सर्व्हिस दिवस किंवा किलोमीटर, जे आधी होईल त्यावर करायची. गाडी उभी होती, चाललीच नाही, हे कारण चालत नाही. पहिली सर्व्हिस तर चुकवूच नका. नव्या इंजिनातला धातूचा बारीक कीस त्या पहिल्या तेलातून बाहेर जातो. आमच्याकडे लोकोच्या तेलाचा नमुना लॅबला जातो, लोखंड किती, तांबं किती, त्यावरून आत काय झिजतंय ते कळतं. तुमच्याकडे लॅब नाही, पण काढलेलं तेल बोटांवर चोळून उन्हात धरा. चमकी दिसली तर विचारा. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन, प्लग हे झिजायचेच, ते वॉरंटीत मागून वाद घालू नका, खऱ्या तक्रारीचं वजन जातं.

आपल्या महाराष्ट्राचा या कामाशी जुना संबंध आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांचा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आम्ही मराठी माणसं घासाघीस करण्यात पटाईत, पण पावती फाडून टाकण्यातही तितकेच.

आरतीची वेळ झाली, गुरुजी घड्याळ दाखवताहेत. उद्या दुपारी चार ते सहा मी मंडपामागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे आणि शोरूमनं पैसे घेतलेत, त्यांनी पुस्तिका, बिल आणि जॉब कार्ड घेऊन यावं, आपण मिळून वाचू. गाडी आणू नका, लावायला जागा नाही.