सुरुंग लावण्यापूर्वी

(भिवंडी येथे ग्रामपंचायत सदस्य, महसूल कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानावरून)



सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला काळा पाषाण हे भिवंडी तालुक्याचे धन आहे. येथील रस्ते, गोदामे, घरे यांना खडी लागते, आणि २०२५ साली समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत पोहोचल्यावर बांधकामे वाढतच जाणार. खडी नको, असे म्हणून भागणार नाही. परंतु सुरुंगाने ज्याच्या भिंतीला तडा गेला असे वाटते, तो ग्रामस्थ प्रथम पंचायतीकडे येतो. त्याला उत्तर देता येईल इतके तरी सुरुंगाचे शास्त्र आपण समजून घेतले पाहिजे.

स्फोटकाची सर्व शक्ती दगड फोडण्यात खर्ची पडत नाही. उरलेली शक्ती जमिनीतून कंपन, हवेतून दणका आणि उडालेले दगड या रूपांनी बाहेर पडते. गावाला ज्याचा उपद्रव होतो, तेच खाणमालकाचे वाया गेलेले पैसे होत. आपल्या पाषाणात उभ्या भेगा पुष्कळ. भोक अशा भेगेला लागून पडले, किंवा त्याचे तोंड बारीक खडीने नीट ठासले नाही, तर वायू तेथूनच निसटतो आणि दगड दूरवर जातात.

कंपनाचे गणित शिक्षकांनी वर्गात अवश्य मांडावे. एकूण स्फोटक किती, यापेक्षा एका क्षणी किती उडाले, याला महत्त्व आहे. घर २०० मीटरवर आहे असे समजा. ६४ किलो एकदम उडविले, तर अंतराला वजनाच्या वर्गमुळाने, म्हणजे ८ ने भागून २५ येतात. तेच स्फोटक १६ भोकांत ४-४ किलो भरून प्रत्येक भोक सेकंदाच्या चाळिसाव्या भागाने मागेपुढे उडविले, तर भागाकार १०० येतो. हा आकडा जितका मोठा, तितके कंपन कमी. स्फोटक तेवढेच, दगडही तेवढाच.

म्हणून तंत्राची निवड दरपत्रकापासून न करता सर्वांत जवळच्या घरापासून करावी. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरवर एप्रिल २०२५ पासून देशात बंदी आहे, हे योग्यच झाले. चंद्रपूरहून येणारी उच्चदाबाची वाहिनी ज्या तालुक्यात पडघ्याला येते, तेथे भटक्या विजेचा धोका वेगळा सांगावयास नको. आता नळीवाटे पेटणारे विनावीज डिटोनेटर आणि क्षण अचूक ठरविता येणारे इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर हे पर्याय आहेत. दुसरे महाग खरे. परंतु वस्ती जवळ असेल तेथे तेच घेण्याचा आग्रह धरावा, असे माझे मत आहे. ‘जिलेटिन’ हा शब्द अजून सर्वांच्या तोंडी आहे. प्रत्यक्षात नायट्रोग्लिसरीनयुक्त स्फोटके २००४ पासून बंद झाली. अमोनियम नायट्रेट व डिझेल यांचे मिश्रण स्वस्त, पण पाण्यात निकामी. कोकणच्या पावसात भरलेल्या भोकांना इमल्शनच हवे. घरे अगदीच लगत असतील, तर सुरुंग सोडून यांत्रिक ब्रेकरने दगड फोडावा. काम मंद होईल, एवढेच.

कायद्याविषयी थोडे. बांधकामाच्या दगडाची उघडी खाण ६ मीटरपेक्षा खोल नसेल आणि कामगार ५० हून अधिक नसतील, तर खाणींविषयीच्या कायद्यातील बहुतेक तरतुदींतून तिला सूट मिळते. सुरुंग वापरला की ही सूट संपते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्फोटाच्या वेळी धोक्याच्या परिघातील माणसे सुरक्षित आडोशाला गेली पाहिजेत. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार साध्या घरापाशी कंपनाचा वेग सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरपर्यंत चालतो. कंपन जितके संथ, तितकी मर्यादा कडक. ऐतिहासिक वास्तूंसाठी ती २ मिलिमीटरपासून सुरू होते. लोनाडसारखी प्राचीन लेणी ज्या तालुक्यात आहेत, त्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

भिवंडीत आणखी एक अडचण आहे. यंत्रमागांनी भिंती रोजच हादरतात. मग तडा मागाचा की सुरुंगाचा? या वादाचा निकाल कंपनमापकाने लावावा. माग चालू असताना एक नोंद, स्फोटाच्या वेळी दुसरी. आणि खाण सुरू होण्यापूर्वीच आसपासच्या प्रत्येक घराच्या भिंतींची छायाचित्रे तारखेसह ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावून ठेवावीत.